नैराश्य: स्त्रिया, पुरुष आणि एकत्र संशोधन

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार डिप्रेशन, म्हणजे नैराश्य, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये साधारण दीडपट आढळते. लहानपणी हा फरक जवळजवळ नसतो, वयात येताना दिसू लागतो. मग कारण हार्मोन्स की वाढवण्याची पद्धत? प्रत्येक शाखेकडे थोडेथोडे उत्तर आहे. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचे: तीन टीम, तीन डेटाबेस, जोडणी शून्य!)

म्हणून अमेरिकेत एनआयएचच्या महिला आरोग्य संशोधन कार्यालयाने २००२ मध्ये स्त्री-पुरुष फरकांवरील संशोधन केंद्रांची योजना सुरू केली. त्यात प्रयोगशाळेतले आणि रुग्णांवरचे संशोधन एकाच प्रश्नाभोवती चालते. पूर्वी प्राण्यांवरचे बरेच प्रयोग फक्त नरांवर होत. २०१६ पासून एनआयएचचा निधी मागताना दोन्हींचा विचार करावा लागतो.

शाखा जुळल्या की काय होते, ते बाळंतपणानंतरच्या नैराश्यात दिसते. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूला शांत ठेवते, आणि प्रसूतीनंतर ते एकदम घसरते. या धाग्यावरून आलेल्या झुरानोलोन या चौदा दिवस घ्यायच्या गोळीला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण दीडपट हा आकडाही तपासून घ्यावा. पुरुषांचे नैराश्य अनेकदा रडण्याऐवजी संतापातून, दारूतून बाहेर पडते, आणि नेहमीच्या प्रश्नावलीतून ते निसटू शकते. अमेरिकेत आत्महत्येने होणारे मृत्यू पुरुषांमध्ये जवळजवळ चौपट आहेत. घरात "बाबा हल्ली फार चिडतात" एवढ्यावर विषय संपवू नका, डॉक्टरांना दाखवा. तातडीची मदत लागल्यास अमेरिकेत ९८८ वर चोवीस तास फोन किंवा टेक्स्ट करता येतो.