स्वयंभू मूळ संख्या

देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शालेय शिक्षक असलेले गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९४९ मध्ये 'स्वयंभू' संख्यांची कल्पना मांडली. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या मिळते. २३ मध्ये २ व ३ यांची बेरीज मिळवल्यास २८ येतात. म्हणून २३ ही २८ ची जनक संख्या होय. १०१ ला ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. ९७ ला मात्र एकही जनक नाही. अशी संख्या स्वयंभू होय. ९७ ही मूळ संख्याही असल्याने ती 'स्वयंभू मूळ संख्या' ठरते.

२ चा २,४०,३६,५८३ वा घात करून त्यातून १ वजा केल्यास ७२,३५,७३३ अंकी मूळ संख्या मिळते. मर्सेन प्रकारातील ही संख्या जॉश फिंडली यांच्या संगणकावर मे २००४ मध्ये सापडली. ती स्वयंभूही आहे, हे ल्यूक पेबडी यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये दाखवले. तोवर तिच्याहून मोठ्या तीन मर्सेन मूळ संख्या ज्ञात होत्या. पण स्वयंभू ठरलेल्यांत हीच सर्वांत मोठी होती.

एवढ्या मोठ्या संख्येचा जनक नाही, हे ठरवणे वाटते तितके अशक्य नाही. जनकाच्या अंकांची बेरीज फार तर ७२,३५,७३३ गुणिले ९, म्हणजे ६,५१,२१,५९७ असू शकते. त्यामुळे शोध मूळ संख्येच्या लगतच्या तेवढ्याच लहान संख्यांपुरता उरतो. शिवाय कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी सारखीच राहते. प्रस्तुत संख्येला ९ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून जनकाची बाकी ५ च असली पाहिजे. साहजिकच नऊपैकी एकच संख्या तपासावी लागते. उमेदवार उरतात ७२,३५,७३३, म्हणजे संख्येत जितके अंक तितकेच.

मूळ असणे हा संख्येचा अंगभूत गुण आहे. स्वयंभूपण मात्र लेखनपद्धतीवर अवलंबून असते. दशमान पद्धतीत ३ ही संख्या स्वयंभू आहे. द्विमान पद्धतीत २ चे लेखन १० असे होते. त्याच्या अंकांची बेरीज १ मिळवताच ३ येतात. म्हणजे तेथे ३ ला २ हा जनक लाभतो. या कारणाने असे गुणधर्म गणिताच्या मुख्य प्रवाहात गौण मानले गेले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या कार्याचा परिचय करून दिल्यावर ते जगभर पोहोचले.