नारपोली : नागरी कारभार आणि खर्चाचे निर्णय

नारपोली : ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहराचा दक्षिणेकडील भाग. धामणकर नाका ते अंजूरफाटा या बाजूला यंत्रमागांचे कारखाने, चाळी, गाळे आणि गोदामे यांची दाटी आहे. येथील गटारे, पाणी, दिवाबत्ती, साफसफाई आणि घरपट्टी यांचा कारभार भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका पाहते. एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेल्या नगरपालिकेचे रूपांतर डिसेंबर २००१ मध्ये महापालिकेत झाले आणि पहिली महापालिका निवडणूक २००२ साली पार पडली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. राज्याच्या वर्गवारीत ही महापालिका ‘ड’ वर्गात येते. सभागृहात ९० निवडून आलेले नगरसेवक बसतात. नारपोलीतला मतदार एका नगरसेवकाला नव्हे, तर बहुसदस्यीय प्रभागातील तिघा-चौघांना निवडून देतो. त्यामुळे तुंबलेल्या गटाराची तक्रार नेमकी कोणाच्या दारात न्यायची, हा प्रश्न निवडणूक संपताच उभा राहतो.

कारभाराचा आधार १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. या कायद्याने निर्णयाचा अधिकार तीन ठिकाणी वाटला आहे : महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त. महासभा धोरण ठरवते, करांचे दर आणि अंदाजपत्रक मंजूर करते. स्थायी समिती १६ सदस्यांची. त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात आणि पक्षांच्या संख्याबळानुसार नवे येतात. तिजोरीची किल्ली खऱ्या अर्थाने याच समितीकडे असते, म्हणून महापौरपदापेक्षा सभापतिपदासाठी रस्सीखेच अधिक होते. महापौराला मान आणि सभा चालवण्याचा अधिकार आहे, खर्चाचा जवळजवळ नाही. अंमलबजावणीचा सगळा अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त राज्य शासन नेमते. त्याला परत पाठवायचे तर सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव करावा लागतो. निवडून आलेले ९० सदस्य धरले तर हा आकडा ५७ होतो. उलट बाजूने, महासभेचा कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताविरुद्धचा ठराव कलम ४५१ खाली शासन निलंबित किंवा विखंडित करू शकते. म्हणजे दोन्ही टोकांना मंत्रालय आहेच.

अंदाजपत्रक आयुक्त तयार करून स्थायी समितीपुढे मांडतात. समिती त्यात फेरफार करते आणि सभापती ते महासभेला सादर करतात. करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत आणि अंदाजपत्रकाला ३१ मार्चपूर्वी मंजुरी मिळावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. जमेच्या बाजूला मोठा आधार शासनाच्या अनुदानाचा. पूर्वी जकात आणि नंतर स्थानिक संस्था कर हे पालिकेचे स्वतःचे उत्पन्न होते; १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर त्याची भरपाई राज्याकडून दरमहा मिळू लागली. उरलेले उत्पन्न मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि मुद्रांक शुल्कावरील अधिभाराचा वाटा यांतून येते. मालमत्ता कराची थकबाकी हे भिवंडीचे जुने दुखणे आहे. व्याजमाफीची अभय योजना जाहीर होते, थोडी वसुली होते, आणि वेळेवर भरणाऱ्याला आपण उगीच भरला असे वाटते. खर्चाच्या बाजूला पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल आणि विकत घेतलेले पाणी यांची तरतूद आधी करावी लागते. महिला व बालकल्याण आणि दिव्यांग कल्याण यांसाठीचा हिस्सा शासन आदेशाने बांधलेला. एवढे वजा जाता जे उरते, त्यावर सभागृहात रात्र होईपर्यंत भांडण चालते.

एका गल्लीतल्या गटाराच्या कामाचा कागद कसा फिरतो, ते पाहिले की व्यवस्था समजते. नगरसेवक पत्र देतो. कनिष्ठ अभियंता जागा पाहून प्राकलन करतो, बांधकाम विभाग तांत्रिक मंजुरी देतो, मुख्य लेखाधिकारी संबंधित लेखाशीर्षात शिल्लक आहे का ते तपासतात. तरतूद नसेल तर फाइल तिथेच थांबते, कारण अंदाजपत्रकात नसलेला खर्च करता येत नाही. मग प्रशासकीय मंजुरी, ई-निविदा, दरांची छाननी. कायद्यातील मर्यादेपलीकडचे कंत्राट असेल तर विषय स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर येतो; सूचक-अनुमोदकाची नावे लागतात, ठराव होतो, नगरसचिव कार्यालय इतिवृत्त लिहिते. त्यानंतर कार्यादेश. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक, आणि वर्षभराने लेखापरीक्षणातील आक्षेप. नगरसेवक लोकांना ‘माझ्या निधीतून’ असे सांगतो खरे, पण त्याच्या हाती धनादेश नसतो. तो काम सुचवतो, पैसे महापालिकेचे असतात.

या लांब वाटेला आडवाटाही आहेत. तातडीच्या प्रसंगी कलम ६७ (३) (क) खाली आयुक्त आधी काम करून नंतर स्थायी समितीला कळवू शकतात. पूर किंवा साथीच्या वेळी याला पर्याय नसतो. मात्र दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येणारा पाऊसही ‘तातडी’ म्हणून दाखवला जातो तेव्हा संशय येणे साहजिक आहे. निविदेशिवाय काम देण्यासाठी ‘पाच-दोन-दोन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाचा आधार घेण्याची पद्धत राज्यातल्या अनेक महापालिकांत आहे.

सभागृहातील संख्याबळ आणि प्रत्यक्ष सत्ता यांचा मेळ भिवंडीत बसतोच असे नाही. मे २०१७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ९० पैकी ४७ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत मिळाले आणि जावेद दळवी महापौर झाले. डिसेंबर २०१९ मध्ये मात्र काँग्रेसच्या १८ नगरसेवकांनी पक्षाविरुद्ध मतदान केले आणि अवघे चार नगरसेवक असलेल्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील महापौरपदी निवडून आल्या. अशा फुटीसाठी १९८६ चा सदस्य अनर्हता अधिनियम आहे. पण त्याखालच्या तक्रारींचा निकाल लागायला वेळ लागतो आणि तोवर सत्तेची वर्षे निघून जातात.

जून २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकल्याने निवडणूक लांबली आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. प्रस्ताव ठेवणारा आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकच. ‘प्रशासकीय ठराव’ या नावाने निघणाऱ्या कागदावर चर्चेची नोंद नसे, कारण चर्चा करायला कोणी नव्हते. काही फाइली लवकर हलल्या, हे खरे. पण कोणते काम का मागे पडले, हे विचारण्याची जागा साडेतीन वर्षे बंद होती. माहिती अधिकाराचा अर्ज एवढाच मार्ग उरला. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतर प्रक्रिया सुरू झाली आणि राज्यातील इतर महापालिकांबरोबर भिवंडीत १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. नागरिकांनी खालून मागणी ठरवावी यासाठी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, पण ती राज्यात बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली आहे. भिवंडीतल्या पाच प्रभाग समित्या मुख्यतः तक्रारी, साफसफाई आणि करवसुली यांची कार्यालये म्हणून चालतात.

पुष्कळ गोष्टी तर महापालिकेच्या हातातच नाहीत. वीजवितरण २००७ पासून महावितरणच्या फ्रँचायझीने टोरेंट पॉवरकडे आहे. पाण्याचा मोठा भाग ‘स्टेम’कडून येतो, ही कंपनी ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्या मालकीची आहे. काही पाणी मुंबई महापालिका देते. मेट्रोचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे (एमएमआरडीए). पूर्वी नगरपालिकेचे असलेले इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आता राज्य शासन चालवते. अंजूरफाट्यापलीकडे गेले की पोलीस ठाणे नारपोलीचेच राहते, पण कारभार ग्रामपंचायतींचा आणि बांधकामाचे नियोजन एमएमआरडीएचे. गोदामांचा मोठा पट्टा याच बाजूला आहे, आणि त्याच्या अवजड वाहनांचा भार मात्र शहराच्या रस्त्यांवरही पडतो.

या विभागणीची सर्वांत जड किंमत इमारतींच्या बाबतीत मोजावी लागली. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली आणि किमान ३८ माणसे मेली. इमारत १९८४ मधली होती. तिला नोटीस दिली होती, असे महापालिकेने सांगितले. दोन अधिकारी निलंबित झाले. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथील वर्धमान कंपाउंडमध्ये इमारत पडून आठ जण दगावले, तेव्हा जागा महापालिकेच्या हद्दीबाहेरची होती. तीस वर्षांहून जुन्या इमारतीच्या संरचनात्मक तपासणीची जबाबदारी कायद्याने मालक-भोगवटादारावर टाकली आहे, आणि धोकादायक बांधकाम रिकामे करून पाडण्याचा अधिकार आयुक्तांना दिला आहे. पाडकामाचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो. रिकामे केलेल्या कुटुंबांना कुठे ठेवायचे, याला मात्र पुरेशी संक्रमण घरे लागतात, त्यासाठी जागा लागते आणि अंदाजपत्रकात भरीव तरतूद लागते. ती नसल्याने यंत्रमाग कामगार नोटीस हातात घेऊन त्याच खोलीत राहतो, आणि पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी दरवर्षी पुन्हा प्रसिद्ध होते.