पुनर्वसन कोणाचं?

'पुनर्वसन' हा शब्द नागपूरच्या गोरेवाड्यात ऐकला की डोळ्यांसमोर उपचारासाठी आणलेला जखमी बिबट्या येतो. अकोटमध्ये ऐकला की माणसं येतात. अकोट अकोला जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. वर मेळघाट सुरू होतो, त्याचा बहुतेक भाग अमरावती जिल्ह्यात.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्यांना सागवान हवं होतं, म्हणून पुढच्या दशकात इथलं जंगल राखीव व्हायला लागलं आणि कोरकूंच्या फिरत्या शेतीवर बंधनं आली. पण लाकूड तोडायला, रस्ते करायला माणसं तर हवीतच! मग जंगलातच वनग्रामं वसवली गेली. हे विसरलं जातं: मेळघाटातली कित्येक गावं सरकारनंच आपल्या गरजेपोटी तिथं बसवली होती.

१९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. १९८७ मध्ये गुगामळ राष्ट्रीय उद्यान झालं. आता मजुरांपेक्षा मोकळं जंगल हवं होतं. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावं खाली अकोट तालुक्यात आली. २००८ पासून केंद्राच्या योजनेत कुटुंबामागे दहा लाख रुपये मिळू लागले, मग आणखी गावं उतरली. त्यातले काही लोक परत वर गेले, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांची वनखात्याच्या माणसांशी झटापट झाली. दोन्हीकडचे जखमी झाले.

मी गेल्या हिवाळ्यात अकोटच्या बाजूनं जिप्सीनं आत गेलो. वाघ पाहायलाच, खोटं कशाला बोलू. दिसलं ते एक मोठं गवताळ मैदान, त्यात सांबरं, आणि कडेला आंब्याची जुनी झाडं. "इथं गाव होतं भाऊ," गाईड म्हणाला. गवत झकास वाढलं होतं. सांबर वाढलं की वाघही टिकतो, यात मला शंका नाही. गाव हलवण्याचा फायदा जंगलाला झालाय.

पण हिशोब एकाच बाजूचा ठेवला जातो. इथला वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, त्याचे कॅमेऱ्यात फोटो असतात. संगोपन केंद्रातून सोडलेल्या गिधाडाच्या पाठीवर ट्रान्समीटर असतो, ते कुठं उडतंय ते कळतं. दहा लाख घेऊन खाली आलेलं कुटुंब पाच वर्षांनी कसं आहे? कुठल्याच माहितीफलकावर मला ते दिसलं नाही.

म्हणून परतताना एका पुनर्वसित वस्तीत थांबलो. घरं पक्की, वीज आहे, शाळा जवळ. पोरांना वर जायचं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. ओट्यावर बसलेल्या मावशींना विचारलं, काय बदललं?

"सरपण विकत घ्याव लागते," त्या म्हणाल्या. "मोहफुलं बी विकतच."

मुलगा दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन काढायला गेला होता.