पावसाळा ओलांडणारे बी : कोरड्या साठवणीची कुळकथा

कोणतेही बी किंवा धान्य भोवतालच्या हवेशी सतत पाण्याची देवघेव करत असते. एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेल्या वाफेचे शेकडा प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. ही आर्द्रता वाढली की दाणा पाणी ओढून घेतो, घटली की सोडतो, आणि काही काळाने हवा व दाणा यांच्यात समतोल साधतो. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असताना भाताच्या दाण्यातील पाण्याचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, तर ९० टक्क्यांना ते १७-१८ टक्क्यांपर्यंत चढते, आणि बुरशीला वाढायला मात्र ६५ ते ७० टक्के आर्द्रताही पुरते. कोकणात भर पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते. त्यामुळे वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवलेले बी उघड्या भांड्यात राहिले तर श्रावणापर्यंत ते पुन्हा ओलावते. दमट प्रदेशातील साठवणीचा इतिहास या एका अडचणीभोवती घडलेला आहे, आणि दाण्यातले पाणी काढणे व काढलेले पाणी परत येऊ न देणे ही दोन कामे वेगवेगळी आहेत, ही जाण त्यात हळूहळू पक्की होत गेलेली दिसते.

महाराष्ट्रातील साठवणीचा फार जुना पुरावा कोरड्या देशावरचा आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तेथे धान्याची जमिनीतील बळदे सापडली, कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे सापडले, आणि चार पायांचे रांजण टेकवण्यासाठी मांडलेले सपाट दगडही सापडले. धान्य जमिनीच्या पोटात पुरणे आणि धान्य जमिनीपासून उचलून धरणे हे दोन्ही मार्ग एकाच गावात शेजारी शेजारी वापरात होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण पुढील काळात हवामानाप्रमाणे आणि मातीप्रमाणे हेच दोन मार्ग एकमेकांपासून दूर गेले.

पहिला मार्ग पेवाचा. पेव म्हणजे तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असा जमिनीत खोदलेला खड्डा. तो आतून सारवून वा भाजून कोरडा केला जाई, भिंतीला कडब्याचे वा काडाचे अस्तर दिले जाई, आणि धान्य भरल्यावर तोंडावर फरशी बसवून वर माती लोटली जाई. बंद पेवात धान्य आणि त्यातील किडे दोघेही श्वसन करतात, त्यामुळे आतला प्राणवायू घटत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि काही काळाने किडे गुदमरून मरतात. रोमन ग्रंथकार व्हारो याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात शेतीवरील आपल्या ग्रंथात कॅपाडोशिया आणि थ्रेस येथील अशाच भुयारी साठ्यांची नोंद केली असून, त्यांत गहू ५० वर्षे आणि बाजरीसारखे बारीक धान्य १०० वर्षांहून अधिक टिकते, असे तो सांगतो. साठा उघडल्यावर लगेच आत उतरू नये, काही माणसे त्यात गुदमरली आहेत, हा इशाराही तो देतो. हाच इशारा सांगलीजवळच्या हरिपूरला आजवर पाळला जात आला आहे. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाजवळील या गावाच्या मातीत पाणी पाझरत नसल्यामुळे तेथे हळदीची पेवे खोदली गेली, आणि पेव उघडल्यावर आतली हवा खेळती होईपर्यंत हमालाने आत उतरायचे नाही, हा तेथील कामाचा शिरस्ता ठरला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यातही या पेवांना मोठे स्थान आहे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून यातील बरीच पेवे निकामी झाली. पाझर नसलेली माती हा पेवाचा एकमेव आधार असतो, आणि पुराने नेमका तोच आधार काढून घेतला.

कोकणात हा आधार मुळातच नाही. जांभा दगड सच्छिद्र, पावसाळ्यात भूजल वर आलेले, आणि वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. तेथे पुरलेले धान्य पहिल्याच आषाढात कुजेल. म्हणून कोकणाने, आणि त्याला लागून असलेल्या गोवा व कानडी किनारपट्टीनेही, दुसरा मार्ग धरला. धान्य उंचावर ठेवावे असा दंडक कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या, म्हणजे सरकारी कोठाराच्या, प्रकरणात आलेला आहे. किनारपट्टीवर या उंचीला दोन रूपे मिळाली. एक कणगी : बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणमातीने सारवलेली, माचावर किंवा दगडांवर ठेवलेली. दुसरे रूप मुडीचे. मुडी बांधण्यासाठी भाताचा लांब पेंढा चाकाच्या आऱ्यांसारखा पसरतात, मधोमध भात ओततात, पेंढ्याची टोके वर घेऊन गोळा करतात, आणि पेंढाच वळून केलेल्या दोरीचे वेढे देत, लाकडी ठोकणीने चहूबाजूंनी ठोकत, तो गोळा दगडासारखा घट्ट होईपर्यंत आवळतात. चांगली बांधलेली मुडी घरंगळत नेली तरी सुटत नाही. ती इतकी सर्वमान्य झाली की दक्षिण कन्नड भागात जमिनीचा खंड मुड्यांत मोजला जाई.

मुडी आणि कणगी या दोन्हींतून हवा थोडीफार आत-बाहेर होते, मग त्यातले धान्य पावसाळ्यात टिकते कसे? याचे बरेचसे उत्तर चुलीत आहे. बियाणे चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचे, मक्याची कणसे, पडवळे आणि दोडके तेथेच टांगायचे, ही रीत धुराने कीड पळते म्हणून पडली असे सामान्यतः सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु उबेचे काम धुराइतकेच मोलाचे आहे. २७ अंश सेल्सिअस तापमानाची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा तशीच केवळ ५ अंशांनी तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६४ टक्क्यांवर उतरते, कारण हवेतील पाणी तितकेच राहते आणि हवेची पाणी सामावण्याची क्षमता मात्र वाढते. माळ्यावरचे भात त्यामुळे १४ टक्क्यांच्या खाली राहू शकते आणि बुरशीच्या उंबरठ्याशी थांबते. गॅसच्या शेगडीने स्वयंपाकघरातला धूर गेला, आणि त्याचबरोबर बियाण्याचे हे कोरडे घरही गेले; बायकांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना मिळालेला दिलासा त्याहून कितीतरी मोठा आहे यात शंका नाही, पण त्या माळ्याची जागा घेणारी दुसरी सोय वेळेवर उभी राहिली नाही.

साठवणीच्या रीतींकडे पाहताना पिकाचे वेळापत्रकही ध्यानात घ्यावे लागते. कोकणातले भात दिवाळीच्या आगेमागे कापले जाते आणि मृगात पेरले जाते. म्हणजे भाताच्या बियाण्याला वर्षाचा कोरडा अर्धाच काढायचा असतो आणि त्यासाठी मुडी पुरेशी असते. वालाची गोष्ट वेगळी. रायगडकडे वाल भाताच्या कापणीनंतर जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर पेरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात, आणि त्याचे बी पुढच्या पेरणीपर्यंत, म्हणजे संपूर्ण पावसाळा ओलांडून, राखावे लागते. कडधान्य म्हटले की भुंगेरे आलेच. त्यामुळे साठवणीची सर्वांत बारीक कसबे कडधान्याभोवती जमलेली आढळतात : राख मिसळणे, लाल मातीचा लेप देऊन वाळवणे, मडक्यात भरून तोंड शेणमातीने लिंपणे. राख दाण्यांमधल्या पोकळ्या भरून किड्यांची हालचाल रोखते, शिवाय तिचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात आणि त्याच्या शरीरातले पाणी उडून जाते. पावसाळा ओलांडणाऱ्या बियाण्यासाठी भांडे बंदच हवे, हे कोकणाने अशा रीतीने कडधान्यातून ओळखले.

बंद भांड्याला मात्र एक अट आहे. आत गेलेले बी पुरेसे कोरडे नसेल तर बंद झाकण त्याची ओल आतच कोंडते आणि उघड्या कणगीपेक्षाही लवकर त्याचा नाश होतो. दाणा दाताखाली कटकन फुटतो की चेपला जातो, ही जुनी पारख बारा-तेरा टक्क्यांपर्यंतचा कोरडेपणा चांगला ओळखते, आणि उन्हाने साधारण तितकाच कोरडेपणा येतो. वर्षानुवर्षे टिकवायच्या भाजीपाल्याच्या बियाण्यास त्याच्या निम्मी ओल लागते. अमेरिकेतील बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडलेल्या नियमानुसार, साधारण ५ ते १४ टक्क्यांच्या पट्ट्यात बियातील पाणी एका टक्क्याने घटले की त्याचे आयुष्य दुप्पट होते, आणि तापमान सुमारे ५ अंशांनी उतरले तरीही ते दुप्पट होते. शीतगृह नसलेल्या गावाला यांतला पहिला अर्धा भाग हाती घेता येतो, ही या नियमाची खरी देणगी आहे.

हवेतूनच पाणी ओढून घेणारी द्रव्ये, म्हणजे शोषके, येथे उपयोगी पडली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वॉल्टर पॅट्रिक यांनी १९१९ मध्ये सिलिका जेलच्या कृतीचे पेटंट मिळवले. औषधाच्या बाटलीत आणि बुटांच्या खोक्यात सापडणारी पुडी ती हीच. सिलिका जेल दमट हवेत भरपूर पाणी घेते, पण हवा कोरडी होत गेली की तिची ओढ मंदावते. झिओलाइटची ओढ तशी मंदावत नाही. झिओलाइट म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यात अतिसूक्ष्म, एकसारखी छिद्रे असलेले खनिज. स्वीडनचा खनिजतज्ज्ञ ॲक्सेल क्रोनस्टेट याने १७५६ मध्ये तापवताच बुडबुडे सोडणारा दगड पाहून त्याला हे नाव दिले. ते बुडबुडे खनिजाने धरून ठेवलेल्या पाण्याचे होते. दख्खनच्या बसाल्टमधील पोकळ्यांत, पुणे, नाशिक आणि जळगाव या भागांत, झिओलाइटचे स्फटिक विपुल मिळतात आणि जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले असतात. बियांसाठी वापरले जाणारे मणी मात्र कारखान्यात बनवलेल्या झिओलाइटचे असतात. त्यांच्या छिद्रांत पाण्याचा रेणू जेमतेम शिरतो, आणि ते आपल्या वजनाच्या सुमारे पंचमांश पाणी धरून ठेवतात. १२ टक्के ओल असलेले एक किलो बी ७ टक्क्यांवर आणायचे तर सुमारे ५४ ग्रॅम पाणी काढावे लागते, आणि त्यासाठी पाव किलोहून थोडे अधिक मणी लागतात. ते बियांबरोबर हवाबंद डब्यात ठेवले की उन्हाला न साधणारा कोरडेपणा भर पावसातही साधतो. आरंभी वाळवून पुढे प्रत्येक टप्प्यावर बंद ठेवण्याच्या या पद्धतीला डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे केंट ब्रॅडफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शीतसाखळीच्या धर्तीवर कोरडी साखळी असे नाव दिले आहे.

कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत ही साखळी अजून तुटक आहे. मण्यांनी घेतलेले पाणी उडवून ते पुन्हा वापरायचे तर त्यांना २०० अंशांहून अधिक तापमानात काही तास तापवावे लागते, आणि तशी भट्टी प्रत्येक वाडीत नसते. ती गटाने मिळून घ्यावी लागेल. गावठी वाणांच्या जपणुकीसाठी २०२० मध्ये पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे यांच्या अकोले तालुक्यासारख्या घाटमाथ्याजवळच्या भागांत सामूहिक बीजबँका उभ्या राहिल्या आहेत, आणि अशी भट्टी ठेवण्याची योग्य जागा त्याच आहेत. पावसात डबा उघडू नये, ही जुनी ताकीद मात्र थोडी मवाळ करायला हरकत नाही : वीस लिटरच्या डब्यातली सगळी हवा एकदा बदलून पावसाळी हवा आत शिरली तरी तिच्याबरोबर अर्ध्या ग्रॅमहून कमी पाणी येते, जे पाच किलो बियाण्याला जाणवणारही नाही. नुकसान करते ते सैल झाकण, झिजलेले रबर आणि चार महिने तशीच राहिलेली केसाएवढी फट.