शब्दांवाचून सहा राण्या

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री. त्याच्या सहा राण्या: दोघींची लग्नं मोडली, दोघींचा शिरच्छेद, एक बाळंतपणात गेली, एक मागे उरली. मुलं एवढंच पाठ करतात. रिक वेकमन या इंग्रज वादकाने १९७३ साली या सहाजणींवर एक तबकडी काढली. एकेकीच्या नावाची एकेक रचना, पण गाण्याला शब्द नाहीत! क्रमही इतिहासाचा नाही. आम्हां मास्तरांना ते खटकतंच. तरी जेन सीमोर ऐका. १५३७ साली राजाला मुलगा झाला आणि आपल्याकडे बारसं करतात त्या सुमारास ती गेली. तिच्यासाठी वेकमनने लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमधला ऑर्गन वाजवला. त्यात रडगाणं नाही. बोटं नुसती धावत सुटतात, वारस आल्याची वाड्यात धांदल उडावी तशी.