दाढेच्या जागचे इम्प्लांट : घट्टपणा येतो कसा, टिकतो कसा?

दाढ काढल्यावर बरेच जण वर्षानुवर्षे दुसऱ्या बाजूने चावून दिवस काढतात. मग कधीतरी इम्प्लांटचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, हे किती वर्षं टिकेल?" त्यासाठी आधी इम्प्लांट हाडात कसे रुजते, ते समजून घ्यायला हवे.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. टायटॅनियमला हाड थेट धरून ठेवते, हे स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगात दिसले. १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले.

घट्टपणा दोन प्रकारचा

पहिल्या दिवशी स्क्रू भिंतीतल्या स्क्रूसारखा नुसता आवळून बसलेला असतो. नंतर भोवतीचे जुने हाड झिजते आणि नवे तयार होते. या अदलाबदलीत, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, पकड थोडी सैल होते. त्यामुळे दुखत नाही म्हणून त्या बाजूने सुपारी, चणे फोडायला जाऊ नका.

वरचा आणि खालचा जबडा

खालच्या जबड्याचे हाड सहसा टणक असते. मात्र त्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिला धक्का लागता कामा नये. वर मागच्या बाजूला हाड स्पंजासारखे मऊ असते आणि त्याच्यावर सायनसची पोकळी असते. दाढ गेल्यावर ही पोकळी खाली उतरते, हाडाची उंची कमी होते. म्हणून काहींना आधी 'सायनस लिफ्ट' करून हाड भरावे लागते. जुन्या पद्धतीत खाली ३ आणि वर ६ महिने थांबत. आता अनेकांना कमी थांबावे लागते, पण ते हाड पाहूनच ठरते.

घट्टपणा मोजायला 'आयएसक्यू' हे १ ते १००चे माप आहे. ७०च्या पुढे चांगला, ६०च्या खाली कमी. मऊ हाडात सुरुवातीचा आकडा कमी आला तरी पुढे तो बहुधा वाढतो. म्हणून एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, हे महत्त्वाचे.

पुढच्या वर्षांत

पहिल्या वर्षानंतर इम्प्लांटभोवतीचे हाड वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झिजावे, असा निकष १९८६मध्ये मांडला गेला. आजही त्याचा आधार घेतला जातो. हिरड्यांचा जुना आजार, सिगारेट-बिडी, काबूत नसलेली शुगर आणि अस्वच्छता यांमुळे ही झीज वाढते. रात्री दात खाण्याची सवय असेल, तर जास्तीचा दाब येतो. हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे चालू असतील, तर तेही आधीच सांगा.

कॅप हलली म्हणजे इम्प्लांट गेले, असे नाही. अनेकदा आतला छोटा स्क्रू सैल होतो आणि तो पुन्हा आवळता येतो. इम्प्लांटच हाडात हलू लागले, तर मात्र ते बहुधा काढावेच लागते.

इथे फसगत एकच होते : भोवतीचे हाड झिजत असताना इम्प्लांट सहसा दुखत नाही. त्यामुळे दुखण्याची वाट पाहू नका. ब्रश करताना रक्त, सूज, पू किंवा वास जाणवला, तर लगेच दाखवा. काही त्रास नसला तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना तपासणी आणि सांगतील तेव्हा एक्स-रे करून घ्या.