कैसराचे नाणे कसे ओळखावे?

कैसराला कर द्यावा की देऊ नये, या प्रश्नात पकडू पाहणाऱ्यांकडून प्रभू येशूने कराचे नाणे मागून घेतले आणि त्यावरील मुखवटा व लेख कोणाचा, असा उलट प्रश्न केला. जुनी रोमन नाणी ओळखणारे अभ्यासक आजही याच दोन खुणांपासून प्रारंभ करतात.

ते नाणे म्हणजे चांदीचा देनारियस. मजुराच्या एका दिवसाच्या वेतनाएवढे त्याचे मोल असे. आपल्या संस्कृतातील ‘दीनार’ हा शब्दही त्याच्याच नावावरून आला आहे.

त्या काळी तिबेरियस (इ. स. १४ ते ३७) राज्य करीत होता. त्याच्या सर्वपरिचित देनारियसचे वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरते. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारा, लॉरेलच्या पानांची माळ ल्यालेला मुखवटा दिसतो. भोवतालचा लेख संक्षेपात असून शब्द एकमेकांस भिडलेले असतात. त्याचा अर्थ असा: ‘तिबेरियस कैसर ऑगस्टस, दिव्य ऑगस्टसाचा पुत्र’. मागील बाजूस एका हाती राजदंड व दुसऱ्या हाती फांदी घेतलेली आसनस्थ स्त्री असते. ती सम्राटाची माता लिविया, असे अनेकांचे मत आहे. तिच्याभोवती ‘पोन्तिफ मॅक्सिम’, म्हणजे प्रमुख पुरोहित, ही पदवी कोरलेली असते. मृत सम्राटाला देव ठरवणारा असा लेख एकाच परमेश्वराला भजणाऱ्या यहुद्यांना किती बोचत असेल, हे सांगावयास नको.

इतर सम्राटांच्या नाण्यांनाही हीच रीत लागू पडते. हेड्रियनपासून (इ. स. ११७ ते १३८) सम्राटांच्या मुखवट्यांवर दाढी सर्रास दिसू लागते. ट्रिब्यूनचा अधिकार दरवर्षी नव्याने मोजला जाई; तो आकडा लेखात असल्यास नाण्याचे वर्षही कळते. धातूही बोलतो. नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास वजन व चांदी दोन्ही घटवली. इ. स. २१५ मध्ये काराकल्लाने किरणांचा मुकुट असलेले नवे नाणे काढले. त्यातील चांदी अर्ध्या शतकात जवळजवळ नाहीशी झाली.

तिबेरियसची अशी नाणी आपल्या देशातही, विशेषतः कोइमतूर परिसरात, सापडली आहेत. मिरी व मलमलीच्या मोबदल्यात रोमची चांदी इकडे येत असे.

पवित्र भूमीच्या यात्रेस जाणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ‘येशूने पाहिलेले नाणे’ म्हणून विक्रीस येणाऱ्या वस्तूंत ओतीव नकला पुष्कळ असतात. कडेवर साच्याची सांधरेषा, पृष्ठावर बारीक छिद्रे आणि बोथट अक्षरे दिसली की सावध व्हावे. कारण अस्सल नाणे ठोकून पाडलेले असते. आणि नाणे अस्सल असले तरी ते तेच, असे कोणासही म्हणता येणार नाही. शुभवर्तमानकारांनी सम्राटाचे नाव दिलेले नाही. ऑगस्टसाची नाणीही तेव्हा चलनात होती.

श्रद्धेला अशा पुराव्याची गरज नाही, असे आम्हांस वाटते. कैसराचा मुखवटा ज्यावर, ते कैसराचे. परमेश्वराची प्रतिमा मात्र माणसावर उमटलेली आहे, आणि ती ओळखण्यास तराजू लागत नाही.